रुस्ट्रिंगेन : मध्ययुगीन फ्रिजियन किनाऱ्यावरील बदलत्या सीमा

मध्ययुगीन प्रदेशांच्या सीमांचा अभ्यास करताना तह, वारसाहक्क व युद्धे यांनाच प्राधान्य दिले जाते. आजच्या जर्मनीच्या वायव्येस, वेझर नदीच्या मुखालगत वसलेल्या रुस्ट्रिंगेन या फ्रिजियन प्रदेशाच्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते.

इ. स. 826 मध्ये सम्राट लुई द पायस याने नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या हाराल्ड क्लाक या डॅनिश राजास हा प्रदेश जहागीर म्हणून दिला. तथापि सरंजामी सत्ता येथे खोलवर रुजली नाही. पुढील शतकांत स्थानिक न्यायप्रमुखच कारभार पाहू लागले. त्यांचे जुन्या फ्रिजियन भाषेतील कायदे सुमारे 1300 च्या हस्तलिखितात टिकून आहेत. त्यांत समुद्रबांधास सोन्याच्या कड्याची उपमा दिली आहे. ती निव्वळ अलंकार नव्हे. या किनाऱ्यावर प्रत्येक जमीनधारकाकडे बांधाचा ठरावीक भाग असे. ज्यास तो राखणे झेपत नसे, तो बांधात फावडे रोवून जमीन सोडून जाई. जो ते फावडे उपटी, त्याच्याकडे जमिनीसह बांधाचीही जबाबदारी येई.

परंतु बांधाआडची जमीन निचऱ्यामुळे खचत होती. 1164, 1334 व 1362 च्या सागरी पुरांनी याडे उपसागर विस्तारत नेला. (बखरकारांनी दिलेले मृतांचे आकडे जपूनच वापरावेत, बुडालेली गावे हा अधिक भक्कम पुरावा होय.) रुस्ट्रिंगेन दुभंगले. पूर्वेकडील भागास ‘याडेपलीकडचा’ या अर्थी बुटयाडिंगेन हे नाव रूढ झाले, तर दक्षिणेकडील श्टाडलांडलाही खाड्यांनी वेगळे पाडले. एका कायद्याखालील प्रदेशाचे असे तुकडे होत असतानाच स्थानिक सरदार घराणी प्रबळ झाली. 1511 च्या पुराने आणखी भूमी गिळली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, जानेवारी 1514 मध्ये, ओल्डेनबुर्गचा काउंट व ब्रुन्सविकचे ड्यूक यांनी हार्टवार्डेन येथे शेतकऱ्यांचा पराभव केला. पराभवाचे श्रेय केवळ लष्करी बळास देणे म्हणूनच एकांगी वाटते.

पुढे बांधच राज्यविस्ताराचे साधन बनला. 1615 मध्ये पूर्ण झालेल्या एलेन्स बांधामुळे ओल्डेनबुर्गला येवर या प्रदेशाशी खुष्कीचा मार्ग मिळाला. पूर्व फ्रिजियाने त्यास कडाडून विरोध केला होता. 1853 मध्ये प्रशियाने नौदलाच्या बंदरासाठी याडेच्या पश्चिम काठची जमीन ओल्डेनबुर्गकडून घेतली व तेथे विल्हेल्म्सहाफेन उभे राहिले. त्याला लागून ओल्डेनबुर्गच्या हद्दीत 1911 मध्ये स्थापन झालेल्या नगरास रुस्ट्रिंगेन हेच नाव देण्यात आले. 1937 मध्ये ते विल्हेल्म्सहाफेनमध्ये विलीन झाले.