पाण्यातले राखणदार

आमच्या माणदेशात पाणी म्हणजे आड, विहीर आणि पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा. या पाण्याचे राखणदार होते, पण त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

डोहात पाणविंचू असायचा. शेपटीकडची नळी पाण्याबाहेर काढून तो श्वास घेतो. पोरं तिलाच नांगी म्हणायची. एक चपटा तपकिरी किडा पाठीवर अंडी घेऊन हिंडायचा. अंडी वाहणारा तो बाप, आई नव्हे! तळाच्या चिखलात चतुराचं पिल्लू दबा धरून असायचं. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. डासाची अळी टप्प्यात आली की तो झटक्यात पुढं येतो आणि अळी गट्टम! घागरीत असं पिल्लू आलं की आजी ते परत विहिरीत सोडायची. "ऱ्हाऊ दे त्येला. पाण्याचा राखणदार हाय त्यो."

1958 साली देशात हिवताप निर्मूलनाची मोहीम निघाली. पंप घेऊन फवारणीवाले घरोघर आले, भिंतींवर डीडीटीचे पांढरे ओघळ उमटले. ताप खरोखर हटला. 1961 मध्ये देशभरात पन्नास हजारांच्या आसपासच रुग्ण उरले. पण सणासुदीला बायका भिंती सारवायच्या, औषध शेणामातीखाली जायचं. पुढं डासांनाही ते पचू लागलं. 1976 मध्ये रुग्ण 64 लाखांवर गेले. त्याच साली आमच्या चुलतीला थंडी भरली. अंगावर पाच गोधड्या टाकल्या तरी हुडहुडी थांबेना. ती वाचली, पोटातलं पोर गेलं.

किड्यांमुळं हिवताप थांबला असता, असं मी म्हणणार नाही. ते होते तेव्हाही माणसं तापानं मेलीच. डास नव्या पाण्यात अंडी घालतो: रस्त्याकडेच्या खड्ड्यात, जनावरांच्या खुरांच्या ठशांत. तिथं अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. चतुराच्या पिल्लाला मोठं व्हायला कित्येक आठवडे लागतात. म्हणजे राखणदार हवा तर पाणी टिकायला हवं, आणि ते स्वच्छही राहायला हवं.

आता आमच्याकडं फवारणीचे पंप ओढ्यातच धुतात. डोहात पाणविंचू दिसत नाही, डास मात्र दिसतात. पंप रानातच धुवा, एवढंच म्हणणं आहे. आजीनं घागरीतलं पिल्लू परत सोडलं, त्यालाही पैसा लागला नव्हता.