न दिसणारी टर्की, न ऐकू येणारी गाणी

रेडिओ हे शब्दांचे आणि दूरचित्रवाणी हे दृश्याचे माध्यम, अशी विभागणी आपण वर्गात सहज करतो. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही अमेरिकी विनोदी मालिका पाहिली की ही विभागणी डळमळू लागते. १९७८ ते १९८२ ह्या काळात ती 'सीबीएस' वाहिनीवरून प्रसारित झाली. तिचा निर्माता ह्यू विल्सन मूळचा अटलांटातील जाहिरात व्यवसायातला. तिथे पाहिलेल्या रेडिओ केंद्रांतूनच त्याला ही पात्रे सापडली. डॉ. जॉनी फीव्हर हा निवेदक रंगवणारा हॉवर्ड हेसमन तर स्वतः एकेकाळी सॅन फ्रान्सिस्कोत रेडिओवर काम करीत असे.

तोट्यात चाललेले एक केंद्र संथ, गुळगुळीत संगीत सोडून रॉककडे वळते, एवढेच कथासूत्र. पण पात्रे विसरता येत नाहीत. वृत्तनिवेदक लेस नेसमनला स्वतंत्र खोली हवी असते. ती मिळत नाही, म्हणून तो आपल्या टेबलाभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावून भिंती आखतो, आणि सहकाऱ्यांनी त्या नसलेल्या दारावर टकटक करूनच आत यावे असा आग्रह धरतो. प्रतिष्ठेची भूक इतक्या कमी साधनांत क्वचितच रेखाटली गेली असेल.

ह्याच लेसच्या वाट्याला मालिकेतील सर्वांत गाजलेला प्रसंग आला. ३० ऑक्टोबर १९७८ रोजी दाखवल्या गेलेल्या भागात केंद्राचा व्यवस्थापक कार्लसन, थँक्सगिव्हिंगच्या सणाची जाहिरात म्हणून, हेलिकॉप्टरमधून जिवंत टर्की सोडवतो. टर्की उडतात अशी त्याची प्रामाणिक समजूत! प्रेक्षकाला मात्र एकही पक्षी पडताना दिसत नाही. दिसतो तो फक्त लेस, ध्वनिक्षेपकावर हळूहळू धीर सोडत जाणारा. १९३७ साली हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळताना हर्बर्ट मॉरिसनने केलेल्या वृत्तकथनाचे हे विडंबन आहे. दृश्य माध्यमातील मालिकेने आपला उत्कर्षबिंदू पूर्णपणे शब्दांवर सोपवला, हे इथे लक्षात घ्यावे लागते.

हीच मालिका गंभीरही होऊ शके. ३ डिसेंबर १९७९ रोजी सिनसिनाटीत 'द हू' ह्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमापूर्वी प्रवेशद्वारापाशी झालेल्या चेंगराचेंगरीत अकरा जणांचा मृत्यू झाला. अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी १९८० मध्ये, मालिकेने त्यावर एक भाग सादर केला. त्या कार्यक्रमाचा उत्साहाने प्रचार करणाऱ्या आपल्याच पात्रांना तिने अपराधभावनेसमोर उभे केले.

पुढचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाने विशेष जाणून घ्यावा असा आहे. मालिकेत खरी, गाजलेली गाणी वाजत. ती वापरण्याचे परवाने मर्यादित मुदतीचे होते. मुदत संपल्यावर पुनःप्रसारणात मूळ गाण्यांच्या जागी निनावी सुरावटी आल्या. २००७ साली निघालेल्या पहिल्या पर्वाच्या डीव्हीडीतही बरीच गाणी बदललेली होती. टर्कीच्याच भागात पिंक फ्लॉइडचे गाणे चालू असताना कार्लसन कुत्र्यांच्या भुंकण्याविषयी विचारतो. गाणे काढले की त्याचा प्रश्न निरर्थक होतो. म्हणजे ही केवळ पार्श्वसंगीताची अदलाबदल नव्हे, तो पाठभ्रंश आहे. २०१४ च्या संचात बहुतांश गाणी परत आली, सगळी नाहीत.

आपण पोथ्यांतील पाठभेदांची चिकित्सा करतो, कारण लेखनिकाच्या हातून चुका होतात हे आपल्याला ठाऊक असते. इथे चूक कोणाचीच नाही. करारातील एका कलमाने संहिता बदलली. मालिका पाहिल्याचे सांगणाऱ्या दोन व्यक्तींनी एकच मालिका पाहिली असेल, असे म्हणता येत नाही.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेत एका मालकाकडे देशभरात किती रेडिओ केंद्रे असावीत ह्यावरची मर्यादा उठवली. त्यानंतर एकेका कंपनीकडे शेकडो केंद्रे गेली आणि निवेदकाने स्वतःच्या आवडीची तबकडी लावावी असे लहानसे केंद्र विरळ झाले. त्या जगाची एक हसरी नोंद ह्या मालिकेत उरली आहे. ती नोंद मूळ आवाजासह वाचावी, एवढी काळजी तरी अभ्यासकांनी घ्यायला हवी.