जपानमधील पाठ-अभ्यासाची परंपरा

जपानी शिक्षकांच्या ‘जुग्यो केन्क्यू’ या प्रथेला मराठीत ‘पाठ-अभ्यास’ म्हणता येईल. शिक्षकांनी एकत्र बसून पाठाचे टाचण तयार करावे, त्यांच्यापैकी एकाने तो पाठ प्रत्यक्ष वर्गात घ्यावा, इतरांनी मुलांच्या प्रतिसादांच्या नोंदी कराव्यात आणि नंतर त्या नोंदींच्या आधारे पाठाची चर्चा व्हावी, असे तिचे स्वरूप आहे.

या प्रथेची मुळे मेइजी काळात सापडतात. तोवर ‘तेराकोया’ या खाजगी शाळांत गुरुजी प्रामुख्याने एकेका मुलाला त्याच्या कुवतीप्रमाणे धडा देत. १८७२ च्या शिक्षणविषयक आदेशाने देशभर शाळा उभारण्याचे ठरले, तेव्हा संपूर्ण वर्गाला एकाच वेळी कसे शिकवावे, हे आधी शिक्षकांनाच शिकावे लागले. त्याच वर्षी टोकियोत निघालेल्या अध्यापक विद्यालयात मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाने ही पद्धत शिकवली, आणि अशा विद्यालयांना जोडलेल्या शाळांत नमुना पाठ पाहण्याचा प्रघात पडला. पुढे सरकारने ठरवलेली अध्यापनपद्धती रुजवण्यासाठीही असे पाठ वापरले गेले, त्यामुळे निरीक्षणाला अनुकरणाचे वळण लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा अभ्यासक्रम ‘प्रायोगिक मसुदा’ म्हणून प्रसिद्ध झाला, तेव्हा शिक्षकांच्या स्वतंत्र विचाराला अधिक वाव मिळाला.

हा विचार किती बारकाईने होतो, ते पहिलीच्या वजाबाकीत दिसते. १३ मधून ९ वजा करताना १० मधून ९ काढून उरलेला १ तीनमध्ये मिळवणे मुलाला सोपे जाते. १२ मधून ३ वजा करताना मात्र आधी २ आणि मग १ काढणे स्वाभाविक वाटते. म्हणून पहिले उदाहरण कोणत्या संख्यांचे घ्यावे, यावरही शिक्षक दीर्घ चर्चा करतात. फलकलेखनाचीही, म्हणजे ‘बान्शो’चीही, आखणी आधीच होते; मुलांनी सुचवलेल्या रीती फळ्यावर शेजारीशेजारी मांडल्या जातात आणि तासाच्या अखेरीपर्यंत शक्यतो पुसल्या जात नाहीत, त्यामुळे विचाराचा सारा प्रवास वर्गासमोर राहतो.

जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट या अमेरिकी संशोधकांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे या प्रथेकडे अमेरिकेचे विशेष लक्ष वेधले गेले. या प्रथेत टाचण सर्वांचे असल्याने त्यातील उणीवही सर्वांची ठरते, आणि पाठ घेणाऱ्याला चर्चेची धास्ती वाटण्याचे कारण उरत नाही. एका शिक्षकाला साधलेली हातोटी त्याच्या निवृत्तीबरोबर संपून न जाता सहकाऱ्यांच्या पुढच्या टाचणात उतरते, हेच या परंपरेचे खरे संचित होय.