वांगावरच्या क्रीमची गोष्ट

गालावर, कपाळावर तपकिरी डाग उठतात, त्यांना आपण वांग म्हणतो. हा त्रास आजचा नाही. सुश्रुतसंहितेत 'व्यंग' या नावाने त्याचं वर्णन आहे: तोंडावर उठणारा, न दुखणारा काळपट डाग. डाग जुना, पण तो घालवणारी क्रीम नवीन. आज तिचीच गोष्ट ऐकू या.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कातडी कमावण्याच्या एका कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे पडू लागले. डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा दोष निघाला रबरी हातमोज्यांचा. रबर टिकावं म्हणून घातलेलं रसायन कातडीचा रंग मारत होतं. त्याच घराण्यातलं हायड्रोक्विनोन पुढे रंग उजळण्याच्या क्रीममध्ये आलं.

दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचं राज्य होतं. गोऱ्या कातडीला मान, म्हणून अशा क्रीम भरपूर खपल्या. १९७५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी लिहिलं, की वर्षानुवर्षं क्रीम लावलेले चेहरे निळसर काळे आणि खरखरीत होत आहेत. डाग वाढला की बाई आणखी क्रीम लावायची, आणि डाग आणखी वाढायचा. डॉक्टर आणि कार्यकर्ते लढले, तेव्हा १९९० च्या सुमारास बंदी आली.

१९७५ मध्येच अमेरिकेत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं एकत्र मलम पुढे आलं. डॉक्टरच्या नजरेखाली, थोडे दिवस लावायचं हे औषध. आपल्याकडे मात्र अशी मलमं पावडर-कुंकवासारखी विकली गेली. आधी चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाली येते, लव वाढते, आणि मलम सोडलं की आग होते. २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतातच. काही बिननावाच्या क्रीममध्ये पाराही असतो, तो मूत्रपिंडाला घातक.

वांग उठतो तो ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्याची ठेवण यांमुळे. त्यात आपला दोष नाही. शेतात जाताना पदर किंवा टोपी पुढे ओढा. पुढच्या बैठकीला घरातली क्रीमची ट्यूब घेऊन या, तिच्यावरची नावं मिळून वाचू. ट्यूबमध्ये स्टिरॉइड निघालं, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि चट्टा फिकट किंवा लालसर असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर थेट आरोग्य केंद्र गाठा. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध तिथे मोफत मिळतं.