आडनावातले गाव : निंबाळकर

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र आहे. चैत्रातल्या यात्रेला दूरदूरची कुळे येथे येतात. त्यांतील अनेकांचे कुळदैवत सोनारीचे, घर दुसऱ्या गावी आणि आडनाव तिसऱ्याच गावाचे. या तिसऱ्या गावाविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, हे सर्वांस ठाऊक आहे. मात्र हे नाव बहुधा गाव सोडल्यावरच लागते. सोनारीत सगळेच सोनारीचे. तेथे कोणास सोनारीकर म्हणून ओळखायचे? वेशीबाहेर पडल्यावरच त्या ओळखीला अर्थ येतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलमध्येही ‘त्रे’ (वस्ती), ‘पोल’ (तळे), ‘पेन’ (टोक) यांनी आरंभ होणारी स्थलनामे आडनावे झाली. त्रेलॉनी, पेनरोज ही त्यांतलीच. तेथे स्थळाचे नाव जसेच्या तसे माणसाला चिकटले, आपण त्याला प्रत्यय लावला, एवढाच भेद.

या भागाशी जुना संबंध असलेले एक आडनाव घेऊ : निंबाळकर. फलटणजवळच्या निंबळक गावावरून ते आले. ग्रँट डफने 1826 साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या घराण्याचे मूळ आडनाव पवार असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे एका आडनावाखाली दुसरे, अधिक जुने आडनाव दडलेले आहे. ‘नाईक’ हा किताबही पुढे नावाचाच भाग झाला.

फलटणचे निंबाळकर भोसल्यांचे सोयरे. मालोजीराजांची पत्नी याच घराण्यातली. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाईही याच घराण्यातल्या. दुसरीकडे सोनारीपासून फार लांब नसलेल्या करमाळ्यास आणि खर्ड्यास याच आडनावाचे सरदार निजामाच्या चाकरीत नांदले. करमाळ्याच्या कमलाभवानीचे मंदिर रावरंभा निंबाळकरांच्या नावाशी जोडलेले आहे. खर्ड्याचा किल्ला सुलतानराव निंबाळकरांच्या. 1795 साली मराठ्यांकडून पराभूत झालेल्या निजाम अलीने त्याच किल्ल्याचा आसरा घेतला. धनी बदलले, किताब बदलले. निंबळक मात्र प्रत्येकाच्या नावात राहिले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘कर’ गाव सांगतो, रक्त सांगत नाही. निंबळक सोडून बाहेर पडलेल्या कोणाही माणसास, मग तो कोणत्याही जातीचा वा धंद्याचा असो, हे नाव लागू शकते. आडनाव जुळले की लोक वंशावळी जुळवू लागतात, आणि प्रत्येकास आपला पूर्वज सरदारच हवा असतो. जुन्या सोयरिकीत मात्र आडनावावर कोणी थांबत नसे; देवक कोणते, कुळदैवत कोणते, असे पुढचे प्रश्न येत. सोनारीसारख्या क्षेत्राचे मोल येथे कळते. आडनाव एक गाव जपते, दैवत दुसरे. कुळाची वाट शोधावयाची तर दोन्ही विचारावी लागतात.

त्यातही स्त्रियांच्या वाटा हरवतातच. सासरचे आडनाव लागले की माहेरचे गाव नावातून पुसले जाते. सईबाईंचे माहेर इतिहासाने लक्षात ठेवले, कारण सासर राजाचे होते. इतर असंख्य लेकींचे माहेर कोणी टिपून ठेवले?

2023 साली उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला, 2024 साली अहमदनगर अहिल्यानगर झाले. नकाशावरची नावे शासनाच्या आदेशाने बदलतात. आडनावातली गावे मात्र, तेथे पुन्हा पाऊलही न टाकलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या वागवीत आली आहेत.