उपरोध

आमच्या रेडी गावच्या तिठ्यावर उशिरा उगवलेल्या मित्राला 'इतक्या लवकर कित्याक इलंस रे?' असं कुणी विचारलं, तर तो घड्याळ बघत नाही, ओशाळून हसतो. हा उपरोध. शब्द संस्कृतातला: उप अधिक रुध्, म्हणजे अडवणं. विरोध, अवरोध, निरोध ही त्याचीच भावंडं. संस्कृतात त्याचा अर्थ अडथळा, अडचण. मराठीत तो बोचऱ्या, उलट अर्थाच्या बोलण्याला चिकटला. मला हे फार समर्पक वाटतं, कारण उपरोध समोरच्याचं उत्तरच अडवतो. वरवर कौतुक करणाऱ्याशी भांडायचं कसं?

इंग्रजीतला 'सार्कॅझम' अधिक क्रूर. ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस. 'सार्काझेइन' म्हणजे मांस ओरबाडणं. दगडी शवपेटीचं 'सार्कोफॅगस' हे नावही त्याच मांसावरून आलं.

असं बोलणं बरेचदा सुरावरूनच ओळखू येतं. इथून तेरेखोल नदी ओलांडून गोव्यातल्या हॉटेलांत कामाला जाणाऱ्या मुलांनी म्हणून इंग्रजी शब्दांइतकाच सूर ऐकावा. ताट सांडल्यावर कुणी सपाट आवाजात, स्वर ताणून 'ओ, ग्रेऽऽट' म्हणालं, तर ती शाबासकी नव्हे. आपणही हा सूर बरोबरीच्या माणसाशीच लावावा. नवख्यावर तो खरोखर ओरखडा काढतो.