दारातला बार : थोडा इतिहास, थोडी कबुली

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितले, "काका, तुम्ही जुने सेक्रेटरी. सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहून द्या." पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा आणि कन्व्हेयन्सचा इतिहास इतरांनी लिहिलाच आहे. म्हणून मी असा विषय घेतो, जो स्मरणिकेत सहसा कुणी घेत नाही. विषय आहे बार.

कारण सांगतो. रस्त्याकडच्या गाळा क्रमांक ४ मध्ये रेस्टॉरंट आणि परमिट रूम सुरू करायला आपले ना हरकत पत्र मागणारा अर्ज आला आहे. रौप्यमहोत्सव आटोपला की विशेष सर्वसाधारण सभेत त्यावर मत द्यायचे आहे. २०१० साली याच गाळ्यासाठी असाच अर्ज आला होता. तेव्हा मी सेक्रेटरी होतो. त्या वेळी आपण काय केले हे नव्या सभासदांना माहीत नाही, आणि जुने विसरले असावेत. मी विसरलेलो नाही.

कायदा आणि मी, एकाच वयाचे

माझा जन्म १९४९ चा. मुंबई दारूबंदी कायदाही १९४९ चाच. आम्ही दोघे शहात्तर वर्षांचे. गंमत अशी की तो कायदा आजही चालू आहे. नाव तेवढे बदलून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झाले. आपल्या राज्यात जितके बार आहेत, त्या सगळ्यांना परवाना मिळतो तो या दारूबंदीच्या कायद्याखालीच!

पण गोष्ट त्याच्याही आधी सुरू होते. इंग्रज सरकारने १८७८ मध्ये आबकारी कायदा केला आणि ताडी-माडी, मोहाची दारू यांवर पकड बसवली. १८९२ मध्ये तर मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा आला. दारू विकण्याचा मक्ता लिलावाने देत. मक्त्याला जुन्या मराठीत गुत्ता म्हणत, आणि दारूच्या दुकानाला तेच नाव चिकटले. म्हणजे गुत्ता हा मुळात आमच्या खात्यातला, हिशेबाचा शब्द. गुत्ता कुठे उघडावा हे सरकारच्या महसुलावर ठरे. गल्लीतल्या लोकांना कुणी विचारत नसे.

पुण्यात यावर आवाज उठला तो फार लवकर. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी १८८० मध्ये नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली. पुढे १९०८ मध्ये टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले आणि गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवू लागले. १९३० च्या चळवळीत हेच काम बायकांनी केले.

काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर डॉ. गिल्डर यांनी १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी आणली, पण ती फार टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाई गृहमंत्री असताना नवा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली.

आंटीचा नियम

माझे लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले. दारूबंदी होती म्हणून दारू नव्हती असे मुळीच नाही. हातभट्टीची दारू रबरी ट्यूबमधून आणि फुग्यांतून यायची. "नवटाक" हा शब्द आम्हा पोरांना शाळेतल्या मापांच्या कोष्टकाआधी कळला होता. माझे एक काका छापखान्यात कंपोझिटर होते. ते धोबीतलावच्या बाजूला एका आंटीकडे जायचे. आंटीचा अड्डा म्हणजे तिचे राहते घरच. एक बाकडे, उकडलेली अंडी, चणे आणि काचेचे ग्लास. पोलिसांची धाड पडली की सगळे मागच्या दाराने पसार.

मी नोकरीला लागल्यावर काका एकदा मला म्हणाले होते, "अरे, आंटी मला दोनवर थांबवायची. तिसरा मागितला की म्हणायची, घरी जा, पोरं वाट बघतात. हल्लीच्या बारमध्ये कोण थांबवतो? उलट विचारतात, रिपीट?" तेव्हा मी हसलो होतो. आता वाटते, शेजारपाजारच्या माणसांना दारूच्या दुकानाकडून काय हवे असते, याचे अर्धे उत्तर त्या एका वाक्यात आहे. विकणारा आपल्याला ओळखणारा असावा आणि त्याला आपली थोडी लाज असावी.

मी आंटीचे कौतुक करत नाही. त्या धंद्यात विषारी दारूने माणसे मेली, हप्ते घेणारे माजले आणि गुंडांच्या टोळ्या मोठ्या झाल्या. म्हणूनच वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६३ ते १९७५ या काळात, बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली.

त्यातून आली परमिट रूम. हॉटेलातल्या ज्या भागात फक्त परमिटधारकाने बसायचे ती खोली, म्हणून हे नाव. तिला काळ्या काचा, आत मंद दिवा, आणि बायकामुलांसाठी वरच्या मजल्यावर वेगळी फॅमिली रूम. मंगळुरू-उडुपीकडच्या शेट्टी मंडळींनी हा धंदा मुंबई-पुण्यात चोख चालवला. परमिट आजही कायद्याने लागते. देशी-विदेशी कडक दारूसाठी वय पंचवीस, बिअरसाठी एकवीस. पण दाराशी उभे राहून "परमिट दाखवा" असे मला आजवर कुणी म्हटलेले नाही. काळ्या काचा मात्र राहिल्या. आत बसणाऱ्याला बाहेरून कुणी बघू नये, आणि बाहेरच्याला आत काय चालले आहे ते कळू नये! अशा खोलीबद्दल शेजाऱ्यांच्या मनात शंका आली तर नवल काय? त्यात डान्स बारची प्रकरणे गाजली, २००५ मध्ये त्यांच्यावर बंदी आली, आणि बार या शब्दालाच डाग लागला.

पासबुक बँकेतच ठेवा

नोकरीत काही वर्षे मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. उसाचे बिल जमा झाले की दोन दिवस काउंटरवर गर्दी असे आणि तिसऱ्या दिवशी देशी दारूच्या दुकानात. त्या दिवसांत बायका एकेकट्या येत आणि रिकरिंगचे खाते उघडत. दहा-वीस रुपयांचे. आणि हळूच सांगत, "साहेब, पासबुक हितंच ठेवा." माझ्या कपाटात अशी वीसेक पासबुके होती. नियमात बसत नव्हते, पण ठेवली.

पुढे सरकारने मतदानाची तरतूद केली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या पुरेशा महिला मतदारांनी मागणी केली की दुकान राहावे की जावे यावर मतदान घेता येते. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आडव्या बाटलीला पुरेशी मते पडली की दुकान बंद. पश्चिम महाराष्ट्रात कितीतरी गावांत बायकांनी बाटली आडवी केली. बातमी वाचली की मला ते कपाट आठवते. फुल्यांच्या तक्रारीनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी शेजाऱ्यांना कुणीतरी रीतसर विचारले होते.

२०१० ची सभा

आता आपली गोष्ट. गाळा क्रमांक ४ तेव्हा आपल्याच एका सभासद वहिनींचा होता. नाव लिहीत नाही, जुन्यांना कळेल. यजमान अचानक गेले होते, मुलगा शिकत होता, गाळ्यावर कर्ज होते. बँकेतला माणूस म्हणून त्यांनी मला हप्त्याचे कागद दाखवले होते. परमिट रूमवाला नेहमीच्या दुकानाच्या जवळजवळ दुप्पट भाडे देत होता.

सभा वीस मिनिटांत संपली. "संस्कृती", "आपली मुले", "सभ्य वस्ती" असे शब्द झाले. वहिनी मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना बोलायला कुणी सांगितले नाही, मीही नाही. बहुमताने ठराव झाला आणि इतिवृत्तात मी माझ्या हाताने एक ओळ लिहिली : "सोसायटीची हरकत आहे." कशाला हरकत आहे, ते लिहिले नाही.

ते कळले नंतर, जिन्यात. ए विंगमधल्या ताईंना भीती होती की स्वयंपाकघराचा धूर बेडरूममध्ये येईल. कुणाची मुलगी क्लासहून रात्री नऊला येत होती. कुणाला गेटसमोर लागणाऱ्या गाड्यांची काळजी, कुणाला भिंतीशी उभे राहणाऱ्यांची. यातल्या प्रत्येक गोष्टीला अट घालता आली असती. सभेत मात्र यातले एकही वाक्य कुणी बोलले नव्हते.

घरी आल्यावर सौ.ने एकच विचारले, "आणि तुम्ही पहिल्या शनिवारी कुठे जाता?"

मी बँकेतल्या मित्रांबरोबर महिन्यातून एकदा स्वारगेटजवळच्या एका परमिट रूममध्ये बसत होतो. दोन पेग, शेंगदाणा मसाला, जुन्या शाखांच्या गप्पा. पुढच्या खेपेला बाहेर पडताना मी प्रथमच मान वर करून पाहिले. वर चार मजले होते. गॅलरीत कपडे वाळत होते. पहिल्या मजल्यावर एक मुलगा खिडकीशी दिव्याखाली अभ्यास करत होता, आणि एक म्हातारे गृहस्थ उठून ती खिडकी लावून घेत होते. इतकी वर्षे मी त्या लोकांच्या डोक्याखाली बसून पीत होतो आणि माझ्या डोक्याखाली कुणी बसू नये म्हणून ठराव लिहिला होता.

पुढे काय झाले? गाळा चौदा महिने बंद राहिला. मग एकाने गोडाऊनला घेतला. शेवटी वहिनींनी गाळा आणि फ्लॅट दोन्ही विकले आणि बहिणीजवळ नाशिकला गेल्या. आणि बार? रस्त्याच्या पलीकडे, जिथे सोसायटीच नव्हती, तिथे दोन वर्षांत उघडला. त्याच्या गाड्या आपल्या गेटसमोर लागतात. भिंतीशी उभे राहणारे आपल्याच भिंतीशी उभे राहतात. आपल्याला त्याला एकही अट घालता आलेली नाही. आपले निम्मे तरुण सभासद तिथेच जातात, यात काही गुपित नाही.

आता काय हवे?

मार्च २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले की, सोसायटीच्या आवारात नवी बिअर शॉपी किंवा दारूचे दुकान उघडायचे तर त्या सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. म्हणजे जी विचारणा इतकी वर्षे होत नव्हती, ती आता आपल्या टेबलावर आली आहे. म्हणून या वेळी मी वही घेऊन तिन्ही विंग फिरलो. उत्तरे थोडक्यात देतो.

तरुण जोडप्यांना अशी जागा हवी जिथे नवरा-बायको दोघांना उजेडात बसता येईल आणि घरी चालत येता येईल. मुलींच्या आयांना प्रवेश रस्त्याकडून हवा, गेटकडून नको. ए विंगला धुराडे गच्चीच्या वर गेलेले हवे. ज्येष्ठांना रात्री साडेअकराला शटर आणि गाणी अजिबात नकोत. सहा-सात घरांना बार कोणत्याही अटीवर नको. त्यांतल्या एका घराने कारण सांगितले तेव्हा मी वही मिटून घेतली. त्या घराचा नकार मला सगळ्यांत वजनदार वाटतो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारले. त्या म्हणाल्या, "काका, तुमी कागद मागू शकता. आमच्या वस्तीत देशीचं दुकान सकाळीच उघडतं. आमाला कोन इचारतंय?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. बाटली आडवी करता येते, हे मात्र मी त्यांना समजावून सांगितले. कागदपत्रांना मदत लागली तर आपल्यापैकी काहींनी करावी, असे वाटते.

माझे मत विचाराल तर असे आहे. पारदर्शक काचा, रस्त्याकडून दार, आतच स्वच्छतागृह, स्वतःचे पार्किंग, शटरची वेळ, वयाची तपासणी, आणि मालकाने दर तीन महिन्यांनी कमिटीसमोर येऊन बसणे, या अटी आधी करारात लिहून घ्याव्यात. एकदा दिलेले पत्र परत घेणे अवघड असते. अटी मान्य असतील तर मी हात वर करीन, नसतील तर नाही. तुमचे मत वेगळे असू शकते. नकार द्यायचा तर खुशाल द्या, पण या वेळी कारण लिहून द्या, आणि सध्याच्या गाळामालकाला बोलू द्या.

नाशिकच्या वहिनींना मी रौप्यमहोत्सवाचे निमंत्रण फोनवरून दिले. पंधरा वर्षांनी बोललो. २०१० ची गोष्ट मीच काढली आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हरकत घेतलीत त्याचं वाईट वाटलं नाही. कुणी विचारलं नाही, त्याचं वाटलं." कार्यक्रमाला त्या येणार आहेत. जुन्या सभासदांनी त्यांना जरूर भेटावे.